‘राजेशाही थाटा’ची सहल

दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की मराठी वृत्तपत्रांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात, आणि त्यांत राजस्थानच्या आठ-नऊ दिवसांच्या सहलीला हमखास मोठी चौकट मिळते. जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर ही ऐतिहासिक शहरे, वाळवंटातील तंबूत एक रात्र आणि अखेरीस रणथंभोरचा वाघ. सोबत मराठी बोलणारा व्यवस्थापक, सोबत आचारी, आणि थरच्या वाळूतही वरण-भात-तुपाची हमी. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. वर्षभर कचेरीत मान मोडून काम करणाऱ्या माणसाने चार दिवस मोकळी हवा खावी, देश पाहावा, हा त्याचा हक्कच आहे. प्रश्न आहे तो ही सहल ज्या दोन शब्दांखाली विकली जाते त्या शब्दांचा. ते शब्द म्हणजे ‘राजेशाही थाट’.

हॉटेलच्या दारात मोटार थांबते. कपाळी टिळा लावला जातो, डोक्यावर फेटा चढवला जातो, आणि पिळदार मिशांचा एक दरवान कमरेत वाकून ‘खम्मा घणी’ म्हणतो. ठाकुराच्या दारात चाकराने आणि रयतेने करावयाचे हे अभिवादन आता ठाण्याच्या बँक कर्मचाऱ्याला आणि साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापकाला मिळते. त्यांना ते आवडते, याची नोंद करून ठेवली पाहिजे. संस्थाने १९४९ साली राजस्थानात विलीन झाली, जहागिऱ्या बरखास्त करण्याचा कायदा १९५२ साली झाला, संस्थानिकांचे तनखे १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. तीन वेळा मूठमाती दिलेली ही राजेशाही पर्यटनाच्या धंद्याने रोज उकरून काढून, तासून-पुसून, माणशी दराने विकावयास काढली आहे. संस्थानिकांनी तर तनख्यांची वाटही पाहिली नाही. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ सालीच हॉटेल झाला आणि उदयपूरच्या तलावातील जगनिवास १९६३ साली. प्रजेकडून सारा वसूल करण्याचे दिवस संपले, तेव्हा त्यांनी पाहुण्यांकडून भाडे वसूल करण्यास आरंभ केला. हा व्यवहार कायदेशीर आहे. परंतु या थाटाचे ओझे ज्या रयतेने पिढ्यान्पिढ्या पाठीवर वाहिले, तिला या सहलीत कोठेही जागा नाही. आणि ती जागा नसणे हा विसरभोळेपणा नसून त्यावरच हा धंदा उभा आहे.

जयपुरात हवामहल, आमेरचा किल्ला आणि रत्नांची दुकाने एवढ्यातच दिवस संपतो. मराठी पाहुण्यांना जुन्या शहरातील ईसरलाटाची मात्र कोणी फारशी कथा सांगत नाही. तो मनोरा बांधणाऱ्या ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात विष घेतले, ते होळकरांच्या फौजा खंडणीसाठी दाराशी येऊन ठेपल्या असताना. ती खंडणी शेवटी ढुंढाडच्या शेतकऱ्याच्याच खळ्यावरून उचलली जाणार होती. फेटा बांधून छायाचित्र काढून घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

खरी परीक्षा जोधपुरात होते. मेहरानगडाचा पाया राव जोधाने १४५९ साली घातला. गड अभेद्य व्हावा म्हणून राजाराम मेघवाळ नावाच्या माणसास त्या पायात जिवंत चिणण्यात आले, असे परंपरा सांगते, आणि गडावरचा फलकही तेच सांगतो. गाईड ही कथा ‘बलिदान’ म्हणून सांगतो. जातीने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला ज्या गडाच्या पायात स्थान मिळते, त्याला त्याच गडाच्या देवळात मिळत होते काय, हा प्रश्न चाळीस जणांच्या घोळक्यातून कोणी विचारीत नाही. पुढे लोहापोळीच्या भिंतीवर शेंदराने माखलेले लहान लहान हातांचे ठसे दाखवले जातात. महाराजा मानसिंहाच्या मृत्यूनंतर, १८४३ साली, सती गेलेल्या त्याच्या स्त्रियांचे हे ठसे. तेथे बोट दाखवून ‘हमारी परंपरा’ म्हटले जाते आणि काही पाहुण्या बाया नमस्कारही करतात. याच राज्यात, सीकर जिल्ह्यातील देवराळा येथे, ४ सप्टेंबर १९८७ रोजी अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर जळाली. त्यानंतर सतीचे उदात्तीकरण हा देशात गुन्हा ठरला. ज्या कृत्याच्या गौरवाबद्दल कायद्याने शिक्षा सांगितली, त्याचा गौरव तिकीट लावून दररोज चालतो, आणि तो ऐकणाऱ्यांत सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्री-पुरुष असतात!

गडावरून उमेदभवन दिसते. १९२९ साली सुरू होऊन १९४३ साली पुरा झालेला हा ३४७ खोल्यांचा राजवाडा दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून बांधला, ही राजाच्या दयाळूपणाची कथा सहलीतील सर्वांत लोकप्रिय कथा असावी. महाराष्ट्राला दुष्काळी कामे नवी नाहीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांना विचारावे: दुष्काळात दोन-तीन हजार माणसांचे श्रम हाताशी असताना तलाव, बंधारे, विहिरी काढावयाच्या की एका कुटुंबासाठी ३४७ खोल्या? उत्तर देण्यास त्यांना फार वेळ लागणार नाही. जोधपूरजवळचेच खेजडली गाव बहुधा सहलीच्या यादीत नसते. राजवाड्यासाठी चुनाभट्टीला लाकूड हवे म्हणून दरबारची माणसे तेथे खेजडीची झाडे तोडावयास आली आणि झाडांना मिठी मारून अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, ते १७३० साली. ज्या वास्तूंवरून पाहुण्यांची नजर हलत नाही त्यांचा हिशेब खेजडलीत लिहिलेला आहे. तो दगड आज खाणींतून काढणाऱ्या कामगाराच्या छातीत धूळ साठते. सिलिकोसिसग्रस्तांसाठी राजस्थान सरकारला २०१९ साली स्वतंत्र धोरण आखावे लागले, यावरून त्या दुखण्याचा पसारा कळावा.

जैसलमेरात सोनेरी किल्ला, हवेल्या आणि संध्याकाळी समच्या वाळूत उंटाची फेरी. या शहरात सागरमल गोपा नावाचा माणूस होऊन गेला. महारावळाच्या जुलमी कारभाराविरुद्ध त्याने लिहिले आणि लोकांना उठवले. १९४१ साली त्याला तुरुंगात टाकण्यात आले, आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये त्याच तुरुंगात तो जाळला गेला. स्वातंत्र्याला तेव्हा सव्वा वर्ष उरले होते. पुढे इंदिरा गांधी कालव्याच्या एका शाखेला त्याचे नाव मिळाले. सहलीच्या माहितीपत्रकात मात्र त्याला एक ओळही मिळत नाही. महारावळांच्या वंशावळीला मिळते.

उंटाचेही तसेच. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाख उंट होते. २०१९ च्या गणनेत ते दोन लाख तेरा हजारांवर आले. मधल्या काळात, २०१४ साली, उंटाला राज्यपशूचा मान देण्यात आला. २०१५ च्या कायद्याने त्याची कत्तल आणि परवानगीवाचून राज्याबाहेर नेणे बंद केले. त्यामुळे उंटाचा बाजार बसला आणि ज्या राईका-रेबारी पशुपालकांनी हे जनावर शतकानुशतके सांभाळले त्यांनाच ते पोसणे परवडेनासे झाले. चरावयास ओरण आणि गायराने उरली नाहीत. अर्ध्या तासाच्या फेरीसाठी उंट बाळगणारा गडी हे सर्व सांगू शकेल, पण त्याला विचारतो कोण? त्याच्याशी पाहुण्यांचे बोलणे होते ते भाड्याच्या घासाघिशीपुरते.

रात्री तंबूंच्या मधोमध गाणे होते. मांगणियार हे मुसलमान, परंतु हिंदू यजमानांच्या घरची जन्मापासूनची गाणी पिढ्यान्पिढ्या गाणारे. देशाने अभिमानाने मिरवावी अशी ही गोष्ट. कार्यक्रमात त्यांच्याकडे रोज तेच ते स्वागतगीत मागितले जाते. २०१७ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील दांतल गावी एका मांगणियार गायकाची हत्या झाली. त्याचे गाणे चांगले झाले नाही म्हणून देवी अंगात आली नाही, असा ठपका ठेवणाऱ्या भोप्यावर हत्येचा आरोप झाला, आणि त्यानंतर तेथील मांगणियारांना गाव सोडावे लागले. कालबेलियांची कथा निराळी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा साप खेळवण्याचा धंदा बंद केला, बदल्यात दुसरा दिला नाही. २०१० साली युनेस्कोने त्यांच्या नृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. मानवजातीचा हा वारसा सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांना घर बांधावयास तर नाहीच, पण मेलेले माणूस पुरावयासही हक्काची जमीन नाही.

येथे एक उत्तर ठरलेले असते. पर्यटनाने गरिबांच्या पोटाला मिळते, ते बंद झाले तर हे लोक खातील काय? पर्यटन बंद करा असे कोणी म्हटलेलेच नाही. परंतु पोटाला मिळते ते किती, कसे आणि कोणत्या नात्याने, हे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. उरलेले सहा महिने वेटर, सफाईवाला, उंटवाला यांनी आपले पाहावे. गाईडला मिळणाऱ्या दिवसाच्या रकमेत त्याचे घर चालत नाही, म्हणून तो पाहुण्यांना चादरींच्या आणि रत्नांच्या दुकानात नेतो व दलालीवर जगतो. त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. त्याला लबाड होण्यास भाग पाडणारा दर ठरवतो कोण, हे विचारणे कठीण. मोटारचालक दिवसाला तीन-चारशे किलोमीटर गाडी हाकतो आणि रात्री पुष्कळदा गाडीतच आडवा होतो. त्याच मोटारीतले लोक गाद्या मऊ नव्हत्या म्हणून सकाळी व्यवस्थापकाशी भांडत असतात. मजुरी जेथे हक्काने मिळत नाही तेथे बक्षीस मिळते. आणि बक्षीस ही राजाने रयतेला द्यावयाची वस्तू आहे. थाटाची कल्पना येथे पूर्ण होते.

शेवटी रणथंभोर. जयपूर दरबारचे हे शिकारीचे रान. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी १९६१ च्या जानेवारीत, स्वतंत्र भारताचे पाहुणे म्हणून, येथे वाघ मारला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आला आणि त्या दशकात आतील डझनभर गावे हलवण्यात आली. वाघ वाचला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण वाघाला संकटात लोटले कोणी? एका दिवसाच्या शिकारीचे आकडे दगडावर कोरणारे राजे आणि व्हाइसरॉय निराळे, आणि रानात गुरे चारणारा गुजर-मीणा निराळा. भरतपूरच्या पाणथळीत लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने १९३८ साली एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तो दगड अजून तेथे उभा आहे. त्याच भरतपुरात १९८२ च्या नोव्हेंबरात गुरे चारण्यास बंदी झाली, गावकरी विरोधास उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून निघाले ते हे की, म्हशी बंद झाल्यामुळे गवत माजून पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. गावकऱ्याला हे आधी विचारले असते तर गोळ्याही वाचल्या असत्या आणि अभ्यासाची वर्षेही.

२०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनास तात्पुरती मनाई केली. तेव्हा हॉटेलमालकांनी केवढा आक्रोश केला! ऑक्टोबरात ती मनाई उठली. गावे कायमची उठली, त्यांचा आक्रोश दिल्लीपर्यंत पोहोचला नव्हता. मछली नावाची वाघीण २०१६ साली मेली तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती योग्यच होती. उठवलेल्या त्या गावांपैकी एकाचे तरी नाव सहलीहून परतलेल्यास सांगता येईल काय?

अशा सहलीला जाणाऱ्यांत चळवळीतील माणसेही पुष्कळ असतात. निवृत्त शिक्षक, बँकांच्या आणि विम्याच्या युनियनचे जुने कार्यकर्ते, मोर्चात घोषणा दिलेली मंडळी. साने गुरुजींची आंतरभारती ज्यांनी तरुणपणी ऐकली, ते दुसऱ्या प्रांतातील माणसाला भेटावयास निघतात आणि त्याच्या राजाला भेटून परत येतात. त्यांनी काही मागण्या करावयास हरकत काय? पैसे भरण्यापूर्वी चालक रात्री कोठे झोपणार, गाईडला रोज किती मिळणार, तंबूतील गायकांना त्यांच्या ठरलेल्या रकमेपैकी किती पोहोचते, दुकानांची दलाली तिकिटात धरली आहे की नाही, हे लेखी विचारावे. तीस-चाळीस जणांनी एकत्र विचारले तर कंपनीला उत्तर द्यावेच लागेल. संघटित ग्राहकाला मालक घाबरतो. सतीच्या ठशांपुढे नमस्कार न करता १९८७ च्या कायद्याचे नाव घ्यावे. जैसलमेरात गोपाचा तुरुंग कोठे होता, हे गाईडला विचारावे. दहा गटांनी विचारले की अकराव्या गटाला तो स्वतःहून सांगू लागेल, कारण गिऱ्हाईक मागते तेच या धंद्यात विकले जाते.

उदयपूरहून चितोड पाहून रणथंभोरकडे निघालेली मोटार कोट्याच्या रस्त्याला लागते. त्या रस्त्यावर बिजोलिया आहे. मेवाडच्या या जहागिरीत चौऱ्याऐंशी तऱ्हेच्या लागबागी होत्या. मुलीच्या लग्नावरही कर होता. तेथील शेतकऱ्यांनी १८९७ साली लढा मांडला, शेते पडीक ठेवली, तुरुंग भोगला, आणि तो लढा १९४१ पर्यंत चालवला. त्यांचे नेते विजयसिंह पथिक यांचे ‘राजस्थान केसरी’ हे पत्र संस्थानी मुलखात निघू शकत नव्हते, तेव्हा ते वर्ध्याहून निघाले. महाराष्ट्रातून आलेली मोटार तेथे अर्धा तास उभी राहू शकते. चहासाठी ती त्या रस्त्यावर कोठेतरी थांबवावीच लागते.