परांचीआडची इमारत
मुंबईच्या फोर्टात एखाद्या जुन्या इमारतीभोवती बांबूची परांची अन् हिरवी जाळी चढली की माझी पावलं हमखास रेंगाळतात. १८७० सालच्या डेव्हिड ससून ग्रंथालयासारख्या, मालाडच्या पिवळसर दगडातल्या इमारतींचं खरं काम रंगाचं नव्हे, दरजांचं. मधल्या काळात कुणीतरी हौसेनं तिथं सिमेंट थापलेलं असतं. ते ओल कोंडतं, मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. गवंडी हलक्या हातानं, छिन्नीची टकटक करत ते खरवडतो आणि चुना भरतो. चुना ओल बाहेर सोडतो. झिजायचं तर तोच झिजतो, दगड वाचतो. काम भलतंच सावकाश. खालचा पानवाला वैतागलेला, ‘साहेब, जाळीत दुकानच झाकलं ना!’ त्याचंही खरंच. तरी दगडावर ऑइलपेंट फासून आठवड्यात मोकळा होणारा ठेकेदार मात्र नको रे बाबा.