बेणे बुडविणाऱ्या हातांचा विचार करा



आपल्या नांदेड-लातूर भागात ऊसलागण निघाली की बांधावर टिपाड मांडले जाते. कार्बेन्डॅझिम आणि मॅलॅथिऑन पाण्यात कालवायचे व टिपरी दहा मिनिटे बुडवायची. काणीला आळा बसतो, उगवण चांगली होते. बेणेप्रक्रिया हवीच, याबद्दल आमचा वाद नाही. पण टिपाडात हात कोणाचे असतात? आपल्या लेकीसुनांचे, नाहीतर रोजानं आलेल्या बायांचे, आणि तेही उघडे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ते विष डोळ्यांना दिसले. न दिसणारेही असते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजे तयार होतात. म्हणजे गरोदर बाई औषधात हात घालते तेव्हा तीन पिढ्यांना त्याची झळ पोचू शकते : ती स्वतः, पोटातली लेक आणि त्या लेकीची उद्याची लेकरे.

कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायांचे रक्त जपून ठेवले होते. ज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त, त्यांच्या लेकींत स्तनाचा कर्करोग जास्त आढळला, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०२१ साली नातींतही लठ्ठपणा आणि पाळी लवकर येणे जास्त दिसले. डीडीटी आपल्या शेतीतून १९८९ सालीच गेले. पण कार्बेन्डॅझिमही युरोपात गर्भाला अपायकारक म्हणून नोंदलेले आहे. नातवंडांपर्यंत त्याचे काय होते, हे माणसांत सिद्ध झालेले नाही. म्हणून का वाट पाहायची?

कोणी म्हणेल, आमच्या आईनं जन्मभर औषध मारलं, आम्हाला काय झालं? बंधूंनो, बेणे घेताना आपण मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्या पाहतो. उसाची एवढी काळजी, मग घरच्या वंशाची का नको?

आमचे म्हणणे एवढेच :

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला टिपाडाजवळ वा फवारणीला लावू नये. तिचा रोज न बुडवता दुसरे काम द्यावे.

टिपरी जाळीत भरून बुडवावीत. रबरी हातमोजे कारखान्याने गट कार्यालयातून द्यावेत. हवे तर ऊसबिलातून पैसे कापावेत.

औषधाचा रिकामा डबा घरात आणू नये.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.