लुळा हात आधी

अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा. काढताना उलटे. चांगला हात आधी मोकळा करायचा. चिपळुणात किंवा आणखी कुठेही थेरपीच्या खोलीत चार वर्षे काढलेल्या मदतनीस बाईला हे झोपेत विचारले तरी सांगता येते. पेशंटच्या मुठीत चमचा कसा टिकवायचा, पडवीच्या पायरीवर कुठला पाय पुढे टाकायला लावायचा, सहा वर्षांच्या पोराला बटण लावायला शिकवताना आपण कधी हात काढून घ्यायचा, हेही तिला ठाऊक असते. तिला ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचे असेल, तर मात्र आपण तिला वेगळे विचारतो. उसात आणि मक्यात प्रकाशसंश्लेषणाचा सी-फोर मार्ग कसा चालतो?

हा नीटचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात बी.ओ.टीएच.ला, म्हणजे व्यवसायोपचाराच्या पदवीला, नीटमधून जावे लागते. 180 प्रश्न, 720 गुण. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, आणि त्यात झाडापानांचा वाटा भरघोस. त्याआधी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवेच. मदतनीस बाईने बारावी कला शाखेतून केली असेल, तर आधी विज्ञानाची बारावी. मग नीट. मग साडेचार वर्षे पूर्णवेळ शिक्षण, त्यातले सहा महिने इंटर्नशिप. त्या सहा महिन्यांत तिला शिकवणार काय, तर सदरा घालताना लुळा हात आधी.

आता चिपळूणजवळच्या पोफळीकडे पाहा. कोयनेचे पाणी 1962 पासून इथल्या डोंगराच्या पोटात वीज करते. अशा पॉवर हाऊसमध्ये दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला मुलगा कामाला लागला आणि त्याला इंजिनिअर व्हावेसे वाटले, तर काय करायचे ते घरोघरी माहीत आहे. ‘डायरेक्ट सेकंड इयर.’ डिप्लोम्याचे गुण दाखवायचे आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात बसायचे. बारावीची सीईटी त्याला कोणी मागत नाही. या आडवाटेने आलेल्या इंजिनिअरच्या हातात टर्बाइन देताना कोणाचा हात थरथरल्याचे ऐकिवात नाही. परिचारिकांचीही वाट आहे. जी.एन.एम. झालेली नर्स पोस्ट बेसिकची दोन वर्षे करून बी.एस्सी. होते. व्यवसायोपचारात मात्र शिडीची मधली पायरी गायब आहे.

‘मदतनीस आणि थेरपिस्ट यांत फरक असतो,’ हे उत्तर ठरलेले. फरक आहेच. कुठला स्नायू का आखडला, स्प्लिंट कुठल्या कोनात हवी, मेंदूला सूज असताना काय टाळायचे, हे नुसत्या सवयीने येत नाही. शरीररचनाशास्त्र शिकावेच लागेल, मज्जासंस्था शिकावी लागेल, परीक्षाही कडक हवी. त्यात सवलत कोणी मागत नाही. प्रश्न इतकाच, की ती परीक्षा उसाच्या पानाची का? आणि तिला जे येते ते पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसवून का शिकवायचे?

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट हा परवाना असलेला वेगळा पेशा आहे. तिथल्या काही विद्यापीठांनी खास असिस्टंटांसाठी पूल बांधला आहे. शनिवार-रविवारी वर्ग, आठवडाभर नोकरी, शेवटी मास्टर्स. आपल्याकडे पुलाचे सोडा, अलीकडच्या काठावर उभी असलेली बाई हजेरीपटात कुठल्या नावाने बसते, हेही धड ठरलेले नाही. आया, अटेंडंट, हेल्पर, ‘व्यायामवाल्या ताई’.

संसदेने 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात दोन पायऱ्या मोजून दिल्या आहेत. दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण झाले, तर अलाइड हेल्थ प्रोफेशनल. तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तास झाले, तर हेल्थकेअर प्रोफेशनल. तास मोजायची हौस दांडगी. पण मोजले जातात ते अभ्यासक्रमातले तास. नोकरीत पेशंटचे मनगट धरून काढलेला तास या हिशोबात कुठेच जमा होत नाही.

व्यवसायोपचाराचा पेशा भारतात आणला कमला निंबकरांनी. परळच्या केईएम रुग्णालयात 1950 साली त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली, देशातली पहिली. मूळच्या अमेरिकन, जन्म 1900 चा, लग्नानंतर इकडच्या झालेल्या. त्या स्वतः फिलाडेल्फियाला हे शास्त्र शिकायला गेल्या, तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली होती. संसार झाला होता, मुंबईत शाळेत शिकवूनही झाले होते. त्या वयात त्यांना कोणी वनस्पतिशास्त्र विचारले असेल, असे वाटत नाही.

आज मदतनीस बाईला वयाची अडचण नाही, असे कोणी म्हणेल. बरोबरच. नीटची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकली. चाळीस वर्षांच्या बाईने सतरा वर्षांच्या पोरांबरोबर परीक्षेला बसावे, नियमाची काहीच हरकत नाही. त्यानंतर चिपळूणहून मुंबई किंवा नागपूर गाठावे, कारण व्यवसायोपचाराची सरकारी आणि पालिकेची जुनी महाविद्यालये तिथेच आहेत. साडेचार वर्षे पगार सोडावा. तोवर तिच्या हातचे पेशंट कोण उठवणार? दुसरी मदतनीस. तिला लुळा हात आधी हे सांगायचे काम जाता जाता हिलाच करावे लागेल, आणि ते तास तर कोणीच मोजणार नाही.