कच्च्या कागदालाही गुण द्या

वांद्र्याच्या बाजारात किमतीच्या पाट्यांवर रुपयाचे चिन्ह तुम्ही रोज पाहता. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केले. ते रेखाटणारे डी. उदयकुमार याच उपनगरांतल्या पवईच्या आय. आय. टी.त, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये संशोधक विद्यार्थी होते.

कल्पना तशी साधी. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकात बसवायचे; ‘आर’चा उभा दांडा गाळायचा, वर शिरोरेषा द्यायची आणि तिच्याखाली दुसरी समांतर रेघ. पण कल्पना सुचली म्हणजे चिन्ह झाले असे नव्हे! दोन रेघांत अंतर किती ठेवावे? ते कमी पडले तर बारीक छपाईत मधली जागा शाईने भरते. जास्त झाले तर चिन्ह बेढब होते. शिवाय ते शेजारच्या अंकांच्या उंचीत बसले पाहिजे. खोटे वाटत असेल तर जाड पेनाने दोन मिलिमीटर उंचीचे काढून पाहा. पहिले दहा बहुधा फसतील.

हे फसलेले दहा आपल्या चित्रकलेच्या तासाला मात्र कोणी पाहत नाही. खाडाखोड दिसली की गुण कमी! मला हे साफ चुकीचे वाटते. शिक्षकांनी पक्क्या चित्राबरोबर कच्चे कागदही मागून घ्यावेत, निम्मे गुण त्यांना द्यावेत. पुढच्या तासाला तुमच्यापैकी कोणी बाईंना किंवा सरांना हे विचारून पाहील काय?