बेणे पारखता, तशी शाळाही पारखा



खोडव्याची पाहणी करायला शिवारात गेलो की बांधावर उसापेक्षा पोराबाळांच्या शिक्षणाच्याच गोष्टी जास्त निघतात. मागील हंगामात एका सभासदाने मला मुलीचे प्रमाणपत्र दाखविले. एक वर्षाचा ‘नर्सिंग’चा कोर्स, फी उसाच्या बिलातून भरलेली. पोरगी हुशार, पण सरकारी भरतीचा अर्जच तिला भरता येईना. कारण त्या कोर्सवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून नेमणूक नाही. बाप म्हणाला, “साहेब, बोर्ड तर केवढा मोठा होता!”

को ८६०३२ चे बेणे घेताना मळा कोणाचा, बेणे किती महिन्यांचे, डोळे कसे, सगळे आपण विचारतो. पोरीची उमेदीची वर्षे जिथे घालायची तिथे मात्र बोर्ड वाचून पैसे भरतो. हे मला पटत नाही.

खरे रस्ते मुख्यतः तीन. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाई याच. तीन वर्षांचा जीएनएम, म्हंजे दवाखान्यातली स्टाफ नर्स. आणि चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि राज्याची प्रवेश परीक्षाही आहे. जीएनएम झाल्यावर आणखी दोन वर्षांत बीएस्सी करता येते, त्यामुळे मधल्या रस्त्याने गेले तरी वाट बंद होत नाही. जीएनएम, बीएस्सीला मुलगेही जाऊ शकतात.

कारखान्यानेच नर्सिंग कॉलेज काढावे, असे काही सभासद म्हणतात. मी विरोधात आहे. कॉलेजला स्वतःचा शंभर खाटांचा दवाखाना हवा. इमारत बांधता येईल, पेशंट कुठून आणणार? संभाजीनगरच्या घाटीत हजारावर खाटा आहेत. तिथल्या वॉर्डात जे हात तयार होतात ते रंग दिलेल्या वर्गात होत नाहीत. त्यापेक्षा साठ किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीच्या वसतिगृहाची सोय व फीसाठी बिलातून कपातीने उचल, एवढे संचालक मंडळाने करावे.

काहींना अजून ‘परक्याची सेवा’ कमीपणाची वाटते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने शंभरावर वर्षांपूर्वी विधवा बायांना ससूनमध्ये हे शिक्षण घ्यायला पाठविले, तेव्हाही लोक हेच बोलले. तोडणी टोळीच्या कोप्यांवर थंडीत लेकरांना डोस द्यायला येते ती कोणाची तरी लेकच असते, आणि तिची वाट आपण सगळेच बघतो.

बारावीचा निकाल लागला की फी भरण्याआधी संस्थेचे कागद घेऊन गट कार्यालयात या. परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत नाव आहे की नाही, ते आपण दोघे मिळून बघू. पावती फाडल्यावर आलात तर मला फक्त चहा पाजता येईल.

— ऊस विकास अधिकारी