शिट्टी, म्हशी आणि भाऊसाहेब

भाचा इंग्लंडात असतो. तिकडं पूर्व किनाऱ्यावर सफोकमध्ये डनिच म्हणून गाव आहे, त्याच्या शेजारी समुद्राला लागून मोठं माळरान राखलेलं आहे. ऑगस्टात तिथं हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. त्याचा फोटो भाच्यानं पाठवला. इथवर ठीक होतं. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आपल्याकडे असं काही नसतंच ना?’ त्या ‘नसतंच ना’नं माझं डोकं फिरलं. पोरगा वाढला गंगापुरात, बारावीपर्यंत शिकला इथं, आणि विचारतोय नसतंच ना!

मग काय, महालक्ष्म्या जेवून गेल्या आणि आम्ही कासला निघालो. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. तीत आमची ही, मेव्हणा, त्याची पोरं आणि अर्थातच भाऊसाहेब. या सदराच्या वाचकांना भाऊसाहेब नव्यानं सांगायला नकोत. ग्रामसेवक म्हणून निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुठलीही मोकळी जागा दिसली की तिचा गट नंबर काय असेल यावर त्यांचं डोकं चालू होतं. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडेपर्यंत त्यांनी तीन पडीक प्लॉटांची कुंडली सांगून टाकली होती. नगरच्या पुढं झोप लागली, ती मला, त्यांना नाही.

माहितीचं खातं आधी उरकून टाकतो. कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास. खाली काळा बेसाल्ट, वर जांभा, आणि त्यावर माती किती, तर कुठं बोटभर, कुठं तीही नाही. झाड धरत नाही म्हणूनच फुलं धरतात. साडेआठशेच्या वर फुलझाडांची नोंद तिथं झालेली आहे. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. हंगामात दिवसाला तीन हजार माणसं सोडायची असा नियम आहे आणि ऑनलाइन बुकिंग लागतं. व्यवस्था वनखात्याबरोबर आसपासच्या गावांची समिती बघते. झाली माहिती.

आता तिथला मुख्य आवाज सांगतो. मला वाटलं होतं वारा असेल, पाखरं असतील. आवाज शिट्टीचा. पायवाट सोडून कुणी फुलांत शिरलं की राखणदार पोरगा शिट्टी फुंकतो, आणि कुणी ना कुणी शिरलेलंच असतं. एक ताई तेरड्यात आडवी झाली होती आणि तिचा नवरा जमिनीला गाल लावून मोबाइल धरून होता. शिट्टी वाजली. ताई म्हणाली, ‘एकच मिनिट दादा, रील चाललंय.’ दादानं दुसऱ्यांदा फुंकली. तोवर मागं आणखी दोघी आडव्या झाल्या होत्या. पंढरपूरच्या गर्दीत माणसाला शिस्त असते, इथं नाही, कारण तिथं बघायला विठोबा असतो आणि इथं प्रत्येकजण स्वतःलाच बघायला आलेला.

दुसरी तक्रार जाहिरातींविषयी. ‘फुलांचा गालिचा’ म्हणून जे फोटो फिरतात ना, ते बघून आलेला माणूस गाडीतून उतरतो, कमरेवर हात ठेवतो आणि विचारतो, ‘फुलं कुठायत?’ त्याच्या बुटांपासून वीतभरावर चार जातींची फुलं असतात. पण ती नखाएवढी. सोनकी आणि तेरडा तेवढे लांबून दिसतात, बाकीच्यांसाठी उकिडवं बसावं लागतं. आमचा वाटाड्या, बहुतेक जवळच्याच कुठल्या गावचा, चुणचुणीत पोरगा होता. त्यानं आम्हाला कडेच्या खडकावर बसवलं. पाणी धरलेल्या जागेत उघड्या काडीवर शर्टाच्या बटणासारखे पांढरे गोल उभे होते, तो गेंद. त्यांच्या मधून निळसर जांभळी, खाली शेपटासारखं टोक असलेली, सीतेची आसवं. मग त्यानं मिकी माऊस दाखवलं. पिवळ्या फुलावर लालसर दोन ठिपके, खरंच उंदराचे कान. मेव्हण्याची पोरं तिथंच खिळली.

नभाळी दिसल्यावर भाऊसाहेब चवताळले. ‘हे दाखवायला एवढ्या लांब आणलं व्हय ओ? हे तर आपल्या बांधावरचं केना!’ वाटाड्या म्हणाला, ‘केना नाही काका, पण त्याच्याच घराण्यातलं.’ घराणं म्हटल्यावर भाऊसाहेबांना मान्य झालं. वारस नोंदी त्यांनी जन्मभर केलेल्या.

पण त्यांची खरी गट्टी जमली ती दवबिंदूशी. इवलंसं तांबडं झाड, पानांवर केस आणि केसांच्या टोकाला चिकट थेंब. त्यात एक चिलट अडकून पाय झाडत होतं. वाटाड्यानं समजावलं की इथल्या मातीत नत्र नावालाच, म्हणून हे झाड किडे धरून खातं. सीतेची आसवंसुद्धा तसलीच, त्यांच्या बुडाशी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले जीव त्यात ओढले जातात. भाऊसाहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे पगारात भागत नाही म्हणून वरकमाई.’ त्यांच्या खात्याबद्दल बोलायला मी धजलो नाही. आमची ही मात्र एवढ्या जोरात हसली की शिट्टीवाल्यानं आमच्याकडं वळून पाहिलं.

परतीला चहा घेतला. तिथं पठाराखालच्या गावातला एक म्हातारा बसला होता आणि भाऊसाहेबांना गट नंबर विचारायला माणूस हवाच होता. बोलता बोलता म्हशी निघाल्या. पठाराला मध्यंतरी लोखंडी जाळी ठोकली होती, पुढं ती काढली, हे मी पेपरात वाचलं होतं. म्हाताऱ्याचं म्हणणं असं की जाळीनं माणसं थोपली पण गुरंही थोपली. गुरं नाहीत म्हटल्यावर गवत कमरेला लागलं आणि बुटकी फुलं त्याखाली गुदमरली. ‘म्हस फूल खात नाही ओ, गवत खाते. तिच्या खुरानं खळगा पडतो, त्यात पाणी राहतं, त्यात फूल येतं. आमच्या बापजाद्यांनी काय फुलांची शेती केली होती का? म्हशी चारल्या.’ अभ्यासकांची यावर एकवाक्यता नाही आणि मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. पण रात्री भाच्याला फोन केला तर तो काय सांगावा! त्यांच्याकडं असल्या माळांवर मुद्दाम मेंढ्या आणि तट्टं सोडतात, झुडपं कापतात. हात काढला की माळाचं रान होतं आणि हेदर जातं. म्हणजे इंग्रजाला मेंढी लागते आणि आमच्या म्हशीला मात्र हाकला.

(कोकणवाले वाचक आता पत्र लिहितील, म्हणून आधीच सांगतो. भाच्याच्या माळाचा खरा जोडीदार कास नव्हे, रत्नागिरी-राजापूरकडचे समुद्राजवळचे सडे. तोच जांभा, पावसात तेच गेंद, तीच आसवं, शिवाय दगडात कोरलेली कातळशिल्पं. तिथं तिकीटही नाही आणि शिट्टीही नाही. सड्यांची नावं पेपरात येतात ती रिफायनरी आली की.)

घरी आल्यावर वाटलं विषय संपला. पण भाऊसाहेबांच्या डोक्यात ती म्हैस शिरली होती. त्यांचा सिद्धान्त असा की नभाळीचं घराणं बांधावर असेल तर आपल्या गायरानात बाकीचीही मंडळी असणार, कारण तिथंही मुरूम, तिथंही माती बोटभर आणि शेळ्या तर रोजच्याच. मंगळवारी संध्याकाळी मला ओढत घेऊन गेले. पाऊस नुकता झालेला. तरोटा आणि गाजरगवत ओलांडून वर चढलो, आणि खरंच, मुरमाच्या फटीत नभाळी होती. कासच्यापेक्षा अंगानं बारीक, पण तीच. भाऊसाहेब तिथं उकिडवे बसले. मग पुढं सरकले, परत बसले. खिशातून डायरी काढून काहीतरी टिपलं, पावलं टाकून अंतर घेतलं, मला म्हणाले, ‘तुम्ही त्या दगडापाशी उभे राहा.’ मी राहिलो.

शेळ्या राखणारा पोरगा लांबून बघत होता. जवळ आला. ‘काय करू राहिले आप्पा?’

भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, ‘मोजतोय.’

ते फुलं मोजत होते. पण निवृत्त असला तरी ग्रामसेवक, हातात डायरी, जागा गायरान आणि शब्द ‘मोजतोय’. दिवेलागणीच्या आत गावात मोजणी आल्याची बातमी पोचली. बुधवारी सकाळी मी दात घासत होतो तर ओट्यावर चौघं. एकाच्या हातात आठ-अचा उतारा, दुसऱ्याच्या हातात घरपट्टीच्या पावत्या, तिसऱ्यानं म्हातारीला सोबत आणलेलं. चौथा जुना ओळखीचा, तो दबक्या आवाजात म्हणाला, ‘दादा, आपला गोठा लाइनीत येतोय का, तेवढं फक्त बघून सांगा.’