साथीची सबब आणि लेकरांची पोटगी

महामारीत ज्याची मिळकतच बुडाली त्याच्यामागे पोटगीचा तगादा लावणे हा न्याय नव्हे, असा एक पक्ष २०२० सालापासून वकिलांच्या बैठकीत, गावच्या पारावर आणि क्वचित न्यायालयापुढील कैफियतींतूनही मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जात आहे. आणि त्यातील करुणेचा अंश इतका खरा आहे, की त्याचे खंडन करू पाहणाऱ्यावर आरंभीच निष्ठुरतेचा आळ यावा. तो आळ पत्करूनही मला असे म्हणावयाचे आहे, की मुलांच्या पोटगीपुरता तरी हा पक्ष कायद्यात बसत नाही, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या गावच्या व्यवहाराशी तो ताडून पाहिला, तर ज्या वस्तुस्थितीचा तो आधार घेतो तीही पुष्कळ अंशी त्याच्या विरुद्धच साक्ष देते.

या पक्षाचा सर्वांत आवडता दाखला बँकांचा. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. मग बँकेच्या कर्जाला जी सवलत मिळाली ती घरच्या देण्याला का नको, असा हा सवाल आहे. परंतु त्या सवलतीत कर्ज माफ झाले नव्हते, व्याज चालूच होते, आणि मुख्य म्हणजे धनको तेवढे महिने थांबू शकत होता. एप्रिल महिन्याचे दूध सप्टेंबरात पिण्याची सोय निसर्गाने लेकराला दिलेली नाही. कायद्यानेही हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमात, नादार ठरून ऋणमुक्त झालेल्या माणसालासुद्धा ज्या थोड्या देण्यांतून सुटका नाही, त्यांत सरकारी येण्याच्या आणि लबाडीने केलेल्या कर्जाच्या पंक्तीला न्यायदंडाधिकाऱ्याने ठरविलेली पोटगी बसविलेली आहे. २०१६ च्या नादारी संहितेनेही पोटगीचे देणे माफ होणाऱ्या ऋणांतून वगळले आहे. ज्याचे दिवाळे विधिपूर्वक निघाले त्यालाही जी मोकळीक नाही, ती केवळ टाळेबंदीच्या हवाल्यावर मागणे हे धारिष्ट्यच म्हटले पाहिजे.

दुसरा युक्तिवाद असा, की कायदा करणाऱ्यांना असल्या महासंकटाची कल्पनाच नव्हती. इतिहास मात्र निराळेच सांगतो. ज्या १८९७ च्या साथरोग अधिनियमाचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्बंध घातले, तो मुंबई-पुण्यातील प्लेगच्या धास्तीतून जन्मला. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच प्लेगच्या छायेत, १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मंजूर झाली, जिच्या ४८८ व्या कलमात बायकोमुलांच्या पोटगीची तरतूद होती. रकमेची कमाल मर्यादा पन्नास रुपये ठेवण्याइतका सावध असलेल्या त्या विधिमंडळाने साथीसाठी अपवाद काही लिहिला नाही. (तेर तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे इथल्या आयाबायांना या कलमाचा उपयोग नव्हता, हे खरे.) हेच कलम १९७३ च्या संहितेत १२५ वे झाले, २००१ साली रकमेची मर्यादा उडाली, आणि १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे कलम म्हणून नांदत आहे. सव्वाशे वर्षांत पटकी, प्लेग, इन्फ्लुएन्झा सारे येऊन गेले. अपवाद तेवढा आला नाही.

मग ज्याचा रोजगार खरोखर बुडाला त्याने काय करावे? पुण्याच्या हॉटेलातून किंवा मुंबईच्या गाडीवरून हाकलला जाऊन जो रिकाम्या हाताने गावी परतला, त्याचे दुःख मी नाकारीत नाही. त्याच्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे: परिस्थिती पालटली असे दाखवून रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज, जुन्या संहितेचे १२७ वे कलम. या दारातून जाण्याऐवजी परस्परच देणे बंद करून, पुढे वसुलीचा अर्ज आला म्हणजे साथीकडे बोट दाखविणे, ही जी रीत पडली आहे तिच्यावर माझा रोख आहे. रक्कम किती झेपते हे देणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवावयाचे असते, तर न्यायालयाचे प्रयोजनच उरले नसते.

आणि ‘मिळकत नाही’ या शब्दांचा तेरच्या शिवारात अर्थ तरी काय? इथे पगारपत्रक थोड्यांच्या हाती. सोयाबीनचा पैसा सुगीला येतो, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा येते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्याची उचल तर हंगामापूर्वीच मुकादमाकडून घेतलेली असते. ज्याचा जमाखर्च वर्षाचा आहे त्याने एप्रिल-मे महिन्यांचे कोरे पान दाखवून वर्षभराचे दारिद्र्य सिद्ध करू नये. उलट बाजू अधिक विदारक आहे, आणि तिचा उच्चार या पक्षाकडून कधीच होत नाही. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. नवऱ्याने टाकलेली बाई एकटी गेली तर ती अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल देताना मुकादम हात आखडतो. म्हणजे संसार मोडताच पोटगी तर थकतेच, वर तिची स्वतःची मजुरीही निम्म्या पतीची ठरते. ‘आई कमावते की’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

न्यायालये बंद, तेर स्थानकावरून जाणाऱ्या प्रवासी गाड्या बंद, तेव्हा दोष कोणाला द्यावा, असेही विचारले जाते. दाव्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाने सांभाळली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला गेला, त्यामुळे थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करण्याची अट त्या काळापुरती आड येऊ नये. परंतु विलंबाचे सारे खापर साथीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे कायदा म्हणतो. आणि नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ साली दाखल झालेल्या एका प्रकरणात अंतरिम हुकूम व्हायला २०१५ उजाडले, तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. अर्जाच्या वेळी तान्हे असलेले मूल तोवर शाळेत जाऊ लागले होते. त्याच निर्णयाने, ऐन साथीत, उभय पक्षांनी आपली मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असा दंडक देशभर घालून दिला.

‘मूल भेटू देत नाहीत, मग पैसे कशाचे?’ ही तक्रार साथीच्या दोन वर्षांत विशेष वाढली. संसर्गाच्या भयाने भेटी तुटल्या हे खरे आणि त्याची वेदनाही खरी. म्हणूनच प्रत्यक्ष भेटीऐवजी दृक्श्राव्य भेटीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने सुचविला होता. पण भेट हा बापाचा हक्क आहे, पोटगी मुलाचा. एकाची वसुली दुसऱ्याच्या ताटातून करता येत नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. भजनाच्या तंद्रीत चिखलाबरोबर पोटचे पोर तुडविले गेल्याची त्यांची आख्यायिका इथे लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि त्या कथेत प्रत्यक्ष पांडुरंगाची भक्ती हीसुद्धा सबब म्हणून चालत नाही. मूल आईच्या कडेवर परत आल्यावाचून कीर्तनकार कथा संपवीत नाही.

राज्याने हा भार उचलावा, असे कोणी म्हणेल. दोन्ही पालक करोनाने गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवून २०२१ साली राज्याने आपले कर्तव्य केले, आणि बाप खरोखरच निष्कांचन असेल तिथे बालसंगोपन योजनेचा आधार आईला मिळवून द्यावा. परंतु ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या मुलाला खजिन्याकडे बोट दाखविणे योग्य नव्हे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. थकबाकीदाराला महिनाभर कैदेत टाकल्याने लेकराला दमडीही मिळत नाही, आणि साथीत तुरुंगातील गर्दी कमी करण्याचे प्रयत्न चालू असताना त्या शिक्षेचा धाकही उरला नव्हता. पण पोटगीची वसुली दंडाप्रमाणे करावी असे कायद्यात आहे, आणि दंडाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करण्याचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे पाठविण्याचा अधिकार जुन्या संहितेच्या ४२१ व्या कलमाने न्यायालयाला दिलेला होता. हा मार्ग धाराशिवला तितकाच मोकळा आहे जितका मुंबईला, आणि शेतीच्या मुलखात तो अधिक परिणामकारक आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने तसे वॉरंट काढावे, तहसीलदाराने ते टेबलावर पडू न देता तलाठ्याकडे धाडावे, आणि ज्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा विनातक्रार चढतो, त्याच धन्याच्या सोयाबीनवर आणि ऊसबिलावर त्याच्या लेकराच्या थकबाकीसाठी जप्ती यावी.